‘खिडक्या नसलेले घर’ : बार्बरा न्यूहॉल फॉलेट हिचे चरित्र आणि त्या चरित्राची वाचने

बालवयात प्रकटणाऱ्या काव्यप्रतिभेचे मराठी वाचकाला फारसे नवल वाटत नाही. परंपरेने दिलेले शक मानले, तर ज्ञानेश्वरांनी ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी. अर्वाचीन काळात १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली आणि ती त्याच्या नावाला अशी चिकटली, की पुढे तो तरुण झाला, संसारी झाला, १९१८ साली रेल्वे-अपघातात गेला, तरी वाङ्मयेतिहासात तो ‘बाल’च राहिला. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : ही परंपरा पद्याची आहे. कविता ‘स्फुरते’ असे मानण्याची सोय असल्यामुळे बालकाच्या मुखी ती आली, तर ते दैवी देणे ठरते आणि प्रश्न तिथेच मिटतो. कादंबरीच्या बाबतीत ही सोय नाही. कादंबरी स्फुरून भागत नाही. ती महिनोन्‌महिने बसून लिहावी लागते, मागे काय लिहिले ते ध्यानात ठेवावे लागते, खोडावे लागते. म्हणूनच एखाद्या बालकाने कादंबरी लिहिली, की भोवतीची प्रौढ मंडळी अस्वस्थ होतात आणि तिचे स्पष्टीकरण शोधू लागतात. स्पष्टीकरणाच्या या घाईत मूळ लेखन मागे पडते.

अमेरिकन लेखिका बार्बरा न्यूहॉल फॉलेट हिच्या बाबतीत नेमके हेच घडले. बाराव्या वर्षी तिची कादंबरी प्रसिद्ध झाली, चौदाव्या वर्षी दुसरे पुस्तक आले आणि पंचविसाव्या वर्षी, ७ डिसेंबर १९३९ रोजी, ती घरातून बाहेर पडली ती पुन्हा कोणाला दिसली नाही. एवढ्या तपशिलावर तिचे चरित्र अनेकदा सांगितले गेले आहे आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याला त्यातून दुसरेच काही सिद्ध करावयाचे होते. वडिलांना एक शिक्षणपद्धती, मानसशास्त्रज्ञाला एक सिद्धान्त, अलीकडच्या लेखकांना एक रहस्य. प्रस्तुत निबंधात हे चरित्र तिच्या लेखनश्रमाच्या बाजूने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. तसे वाचले असता ‘अकाली उमललेली आणि अकाली कोमेजलेली प्रतिभा’ हे तिच्याविषयीचे रूढ वर्णन टिकत नाही, असे दिसून येईल.

बार्बराचा जन्म ४ मार्च १९१४ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या गावी झाला. वडील विल्सन फॉलेट हे समीक्षक, अध्यापक आणि पुढे प्रकाशनसंस्थेतील संपादक. आई हेलन थॉमस फॉलेट या स्वतः लेखिका. कादंबरी हा या दांपत्याचा खास अभ्यासविषय होता. समकालीन कादंबरीकारांवरील ‘सम मॉडर्न नॉव्हेलिस्ट्‌स’ हा समीक्षाग्रंथ दोघांनी मिळून लिहिला आणि तो १९१८ साली प्रसिद्ध झाला. कादंबरीची चिकित्सा जिथे रोजची होती अशा घरात बार्बरा चार वर्षांची झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या प्रतिभेचे गूढ बरेच कमी होते. ते नाहीसे मात्र होत नाही. समीक्षकांची मुले कादंबऱ्या लिहितातच असे नाही. बहुधा लिहीत नाहीत.

मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवावे, असे आईने ठरविले. या शिक्षणाचे केंद्र होते टंकयंत्र. वडिलांच्या खोलीतून येणारा त्या यंत्राचा आवाज ऐकून लहानगी बार्बरा तिकडे ओढली गेली आणि अक्षरओळख व टंकलेखन या दोन गोष्टी ती जवळजवळ एकदमच शिकली. हा तपशील किरकोळ नाही. त्याच काळात अमेरिकेत बालकवयित्री म्हणून गाजलेल्या हिल्डा कॉन्कलिंग हिच्या कविता तिची आई उतरवून घेत असे. मूल बोलणार आणि आई लिहिणार. १९२० साली त्या कवितांचा संग्रह निघाला. पुढे आईने उतरवून घेणे थांबविले आणि कविताही थांबली. बार्बराच्या बाबतीत लेखन आणि लेखिका यांच्यामध्ये प्रौढाचा हात नव्हता. हस्ताक्षर वळणदार होण्याची वाट न पाहता तिला यंत्रावर विचाराच्या गतीने लिहिता येत होते. पाचव्या-सहाव्या वर्षापासून ती मोठ्या माणसांना पत्रे पाठवू लागली आणि ही पत्रे तिच्या चरित्राचे सर्वांत विश्वसनीय साधन आहेत. बालपणीच तिने ‘फार्क्सोलिया’ नावाचे एक काल्पनिक जग निर्माण केले आणि त्या जगासाठी ‘फार्क्सू’ नावाची भाषा रचली. त्या भाषेचा शब्दसंग्रह केला, व्याकरणाचे नियम बसविले. मुले खोट्या भाषा बोलतात, हे सर्वांना माहीत आहे. त्या भाषेचा कोश करीत बसणारे मूल मात्र विरळा.

१९२३च्या प्रारंभी, म्हणजे नववे वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास, तिने एक दीर्घ कथा लिहावयास घेतली. स्वतःच्या वाढदिवशी आईला भेट द्यावी, अशी तिची कल्पना होती. खोलीच्या दारावर तिने एक सूचनापत्र लावले : दार बंद असेल तर ठोठावल्याशिवाय आत येऊ नये, नुसते लोटलेले असेल तर चालेल, आणि आत यावे की नाही हे आतील व्यक्ती ठरवील. आईवडिलांनी ही सूचना पाळली, ही त्यांच्या बाजूची मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे. काही महिन्यांत सुमारे ४० हजार शब्दांची कथा तयार झाली. पुस्तक कसे तयार होते ते मुलीला प्रत्यक्ष कळावे म्हणून तिच्या थोड्या प्रती खाजगीरीत्या छापून घ्याव्यात, एवढाच तेव्हा वडिलांचा बेत होता. परंतु ऑक्टोबर १९२३ मध्ये न्यू हेवन येथील त्यांच्या घराला आग लागली. कुटुंब वाचले, हस्तलिखित जळाले. दुसरी प्रत नव्हती.

बार्बराच्या बालपणातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, असे विचारले तर बहुतेक चरित्रकार पुस्तकाच्या प्रकाशनाकडे बोट दाखवितात. मला ती ही आग वाटते. त्याहूनही, आगीनंतरची तीन वर्षे. प्रथम तिने जळालेले पुस्तक आठवून जसेच्या तसे उतरविण्याचा प्रयत्न केला. स्मरणाने वाक्य न्‌ वाक्य परत मिळविण्याचे ते काम नऊ वर्षांच्या मुलीला किती जाचक झाले असेल, याची कल्पना लिहिणाऱ्या कोणालाही करता येईल. हळूहळू तिच्या ध्यानात आले, की पहिले पुस्तक परत येणार नाही; येईल ते दुसरेच असेल. मग तिने ते दुसरे लिहिले. नवव्या वर्षी जी कथा एका झपाट्यात उतरली होती, तीच कथा दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या वर्षी ती पुन्हा पुन्हा घडवीत राहिली. आज आपल्यापुढे असलेली कादंबरी ही त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीची नाही आणि बारा वर्षांच्या मुलीचीही नाही. एका वयाने पाहिलेले स्वप्न दुसऱ्या वयाने शिस्तीने लिहून काढले आहे. ‘स्फुरण’ हा शब्द या प्रक्रियेला लागू पडत नाही. तिला पुनर्लेखनच म्हटले पाहिजे, आणि पुनर्लेखन हा धंदेवाईक लेखकाचा गुण आहे.

कादंबरीचे कथानक थोडक्यात असे. ईपरसिप नावाची एक मुलगी आपल्या आईवडिलांच्या घरात एकटी आणि उदास आहे. एके दिवशी ती घर सोडून कुरणात राहावयास जाते. आईवडील तिला धरून आणण्याच्या युक्त्या योजतात, ती निसटते. कुरणाची पुरेशी ओळख झाल्यावर तिला समुद्राची ओढ लागते, समुद्रानंतर पर्वताची. कुरण, समुद्र आणि पर्वत असे पुस्तकाचे तीन भाग आहेत. शेवटी ती माणूस राहत नाही. वनदेवतेसारखी अदृश्य होऊन निसर्गात विरून जाते. ‘द हाउस विदाउट विंडोज’ या नावातील खिडक्या नसलेले घर म्हणजे हे मोकळे जग. भिंती नाहीत म्हणून खिडक्यांची गरज नाही.

या कथेत कुटुंबाविषयी कटुता नाही, हे तिचे वैशिष्ट्य सहसा नोंदविले जात नाही. ईपरसिपचे आईवडील दुष्ट नाहीत. ते तिच्यावर प्रेम करतात, तिच्यासाठी झुरतात, आणि तरीही तिला परत यावेसे वाटत नाही. बालसाहित्यात घर सोडणाऱ्या मुलांना लेखक बहुधा एखादी सावत्र आई किंवा एखादा छळ पुरवितो आणि अखेरीस त्यांना सुखरूप घरी आणतो. इथे दोन्ही नाही. नायिकेच्या स्वातंत्र्याला कारण लागत नाही आणि त्याची किंमतही ती मोजीत नाही. किंमत मागे राहिलेले मोजतात. प्रौढ लेखकाला असे लिहिणे अवघड गेले असते. त्याने आईवडिलांचे दुःख नायिकेच्या मनात कुठे तरी रुतवून ठेवले असते. या निरागस निर्दयतेत पुस्तकाची खरी शक्ती आहे आणि ती मुलाच्याच हातून उतरू शकते. वर्णनांचा अतिरेक, फुलांच्या आणि फुलपाखरांच्या याद्या, एकाच सुरात चाललेला आनंद हे दोष मान्य करूनही हे म्हणावे लागते.

१९२७च्या प्रारंभी आल्फ्रेड नॉफ यांच्या संस्थेने हे पुस्तक प्रसिद्ध केले. विल्सन फॉलेट तेव्हा याच संस्थेत संपादक होते, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. पुस्तकाला दार उघडे होते. परंतु दार उघडे असण्याचे आणखीही एक कारण होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथबाजारात बाललेखकांची एक लाटच आलेली होती. डेझी अ‍ॅशफर्ड हिने नवव्या वर्षी, १८९० साली लिहिलेली ‘द यंग व्हिजिटर्स’ ही कादंबरी १९१९ साली जे. एम. बॅरी यांच्या प्रस्तावनेसह निघाली आणि धडाक्याने खपली. १९२० साली ओपल व्हाइटली हिची बालपणीची म्हणून सांगितलेली दैनंदिनी आली. १९२४ साली दहा वर्षांच्या नथालिया क्रेनचा कवितासंग्रह आला. यांतील प्रत्येकीच्या बाबतीत ‘हे खरोखर मुलानेच लिहिले का’ असा संशय घेतला गेला. डेझीच्या पुस्तकाचे कर्तृत्व तर काहींनी खुद्द बॅरी यांनाच बहाल केले. बाललेखक ही बाजारातील हवीशी वस्तू होती आणि तिच्या खरेपणाची हमी देण्यासाठी पुस्तकाला एक प्रौढ जोडावा लागे.

बार्बराच्या पुस्तकाला तो प्रौढ म्हणजे तिचे वडील. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक ऐतिहासिक टिपण जोडून कथेच्या जन्माची, आगीची आणि पुनर्लेखनाची हकीकत दिली. पुढील सर्व चरित्रकारांनी हेच टिपण वापरले आहे आणि आपणही वर त्याचाच आधार घेतला. मात्र त्याचा हेतू दुहेरी होता, हे विसरता येत नाही. एकीकडे ते मुलीच्या कर्तृत्वाची ग्वाही देते, दुसरीकडे तिला वाढविणाऱ्यांच्या पद्धतीची. आपल्याकडील तोरू दत्त हिच्या बाबतीत वडिलांची भूमिका याहून निराळी होती. १८७७ साली एकविसाव्या वर्षी ती गेल्यावर गोविनचंद्र दत्त यांना तिची फ्रेंच कादंबरी आणि अपुरी राहिलेली इंग्रजी कादंबरी ‘बियांका’ कागदपत्रांत सापडली. त्यांनी ती जगापुढे आणली. फ्रेंच कादंबरी १८७९ साली पॅरिसमध्ये छापली गेली. तिथे मुलगी नाही आणि पिता वारस आहे. इथे मुलगी समोर बसलेली आहे आणि पिताच तिचा साक्षीदार, संपादक व प्रवक्ता आहे.

पुस्तकाचे स्वागत उत्साहाने झाले. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी कौतुक केले, पहिली आवृत्ती तत्काळ संपली. विरोधी सूर एक निघाला, तो न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयातील बालसाहित्याच्या अधिकारी अ‍ॅन कॅरोल मूर यांचा. लहानपणी यशस्वी पुस्तक प्रसिद्ध होणे हा पुढील लेखनाला अडसरच ठरेल, आणि टंकयंत्रापुढे काढलेल्या दिवसांची किंमत या मुलीला कधी तरी मोजावी लागेल, असा त्यांचा रोख होता. बार्बराने त्यांना स्वतः खरमरीत उत्तर लिहिले. आपले बालपण हरवलेले नाही, असे तिचे म्हणणे होते. पुढे जे घडले त्यामुळे मूर यांचे शब्द भविष्यवाणीसारखे उद्धृत केले जातात. परंतु मूर यांनी धोका पाहिला तो टंकयंत्रात. तो आला मात्र दुसरीकडून.

१९२७च्या उन्हाळ्यात समुद्राच्या आणि चाच्यांच्या वेडाने झपाटलेली तेरा वर्षांची बार्बरा इमारती लाकडाची वाहतूक करणाऱ्या ‘फ्रेडरिक एच.’ नावाच्या शिडाच्या जहाजातून न्यू हेवनहून कॅनडातील नोव्हा स्कोशियाला जाऊन आली. या सफरीवर तिने ‘द व्हॉयेज ऑफ द नॉर्मन डी.’ हे पुस्तक लिहिले आणि नॉफ यांनी ते १९२८ साली प्रसिद्ध केले. या पुस्तकाकडे समीक्षकांनी व्हावे तितके लक्ष दिलेले नाही. पहिल्या कादंबरीतील समुद्र कल्पनेचा होता; येथे दोरखंड आहेत, शिडांची नावे आहेत, खलाशांची बोली आहे, काम आहे. ईपरसिपच्या लेखिकेला वास्तव पाहता येते आणि ते नावानिशी मांडता येते, याचा हा पुरावा आहे. प्रतिभा कोमेजत चालली असती, तर ती इथे दिसली नसती.

हे पुस्तक छपाईच्या वाटेवर असतानाच, मार्च १९२८ मध्ये, बार्बराचा चौदावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते तेव्हा, विल्सन फॉलेट यांनी एका दुसऱ्या स्त्रीसाठी घर सोडत असल्याचे कळविले. मुलीने त्यांना परत येण्याविषयी विनवणारी पत्रे लिहिली. ते आले नाहीत. त्यांच्याबरोबर घरातील मिळकत गेली, आणि प्रकाशनव्यवसायाशी या मुलीला जोडणारा दुवाही गेला. तिचा पहिला वाचक, संपादक आणि प्रवक्ता एकाच माणसात सामावलेले असल्यामुळे तिघेही एका दिवसात नाहीसे झाले.

पुढील दोन वर्षांचा वृत्तान्त त्रोटकच पुरे. सप्टेंबर १९२८ मध्ये हेलन धाकट्या मुलीला दुसऱ्यांकडे ठेवून बार्बराला घेऊन समुद्रप्रवासास निघाल्या. वेस्ट इंडीज, पनामा, ताहिती, सामोआ, फिजी, टोंगा, होनोलुलू. या प्रवासावर पुढे ‘मॅजिक पोर्टहोल्स’ हे पुस्तक १९३२ साली निघाले, ते आईच्या नावाने. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात परिचितांकडे ठेवलेली बार्बरा तेथून पळून सॅन फ्रान्सिस्कोला गेली आणि खोट्या नावाने हॉटेलात राहिली. पोलिसांनी तिला शोधून काढले आणि पंधरा वर्षांची ‘प्रसिद्ध लेखिका’ वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आली. ज्या नावाने तिला दोन वर्षांपूर्वी गौरव मिळाला होता, त्याच नावाने आता तिचा पाठलाग होत होता.

१९३०च्या दशकाच्या प्रारंभी मायलेकी न्यूयॉर्कमध्ये होत्या. महामंदी सुरू झालेली होती. सोळाव्या वर्षी बार्बरा लघुलेखन शिकली आणि कचेरीत टंकलेखिकेची नोकरी करू लागली. पाचव्या वर्षापासून बोटांत मुरलेली विद्या आता दुसऱ्यांची पत्रे उतरविण्याच्या कामी आली. तिच्या चरित्रातील हा भाग सांगताना लेखक हळहळतात आणि पुढे सरकतात. इथे थांबणे आवश्यक आहे, कारण याच वर्षांत, नोकरी करून उरलेल्या वेळात, ती एक नवी कादंबरी लिहीत होती. तिचे नाव ‘लॉस्ट आयलंड’. पुढे प्रवासावरील ‘ट्रॅव्हल्स विदाउट अ डाँकी’ हे आणखी एक पुस्तक तिने लिहिले. त्याच्या नावात स्टीव्हन्सनच्या प्रसिद्ध प्रवासवर्णनावर खेळीमेळीची कोटी आहे. ही दोन्ही तिच्या हयातीत छापली गेली नाहीत. म्हणजे पंधराव्या वर्षानंतर लेखन संपले नव्हते, प्रकाशन संपले होते. नऊ वर्षांच्या मुलीची कादंबरी ही बाजाराला बातमी होती. वीस वर्षांच्या टंकलेखिकेची कादंबरी ही हजारो हस्तलिखितांपैकी एक होती. ‘बाल’ हे विशेषण गळून पडले, की कादंबरीकार उरतो. त्याला विचारणारे मात्र कोणी उरत नाही.

निकरसन रॉजर्स या भटक्या वृत्तीच्या तरुणाशी तिची ओळख याच सुमारास झाली. १९३२ मध्ये दोघांनी मेन राज्यातील कटाडिन पर्वतापासून अ‍ॅपलाचियन पायवाटेने मॅसॅच्युसेट्सच्या सीमेपर्यंत मजल मारली. मग ती दोघे स्पेनला गेली, मायोर्कात राहिली, आल्प्समध्ये पायी हिंडली. १९३४ साली त्यांनी लग्न केले आणि बॉस्टनच्या परिसरात बिऱ्हाड थाटले. ही वर्षे बऱ्यापैकी सुखाची होती, असे पत्रांवरून दिसते; तिला नृत्याची नवी आवड लागली आणि १९३९च्या उन्हाळ्यात ती नृत्यशिक्षणासाठी कॅलिफोर्नियाला गेली. तिथे असताना पतीला आता वेगळे व्हावयाचे आहे, असे त्याच्या पत्रातून तिला कळले. ती परतली, संसार सावरण्याची खटपट केली. ७ डिसेंबर १९३९ रोजी, बेबनाव झाल्यावर, ती ब्रुकलाइन येथील घरातून बाहेर पडली. जवळ ३० डॉलर होते.

रॉजर्स यांनी पोलिसांना कळविले ते दोन आठवड्यांनी. बेपत्ता व्यक्ती म्हणून पत्रक निघाले ते आणखी चार महिन्यांनी, आणि त्यावर नाव होते तिचे विवाहानंतरचे, ‘रॉजर्स’. त्यामुळे ही ‘बार्बरा फॉलेट’ आहे, हे वृत्तपत्रांच्या ध्यानातच आले नाही. पंधराव्या वर्षी एका हॉटेलातून पकडली गेली तेव्हा जिच्यावर मथळे लिहिले गेले, ती पंचविसाव्या वर्षी नाहीशी झाली तेव्हा एक ओळही छापून आली नाही. १९५२ साली हेलन यांनी पोलिसांकडे नव्याने तपासाचा आग्रह धरला आणि जावयाच्या दीर्घ मौनाविषयी जाब विचारला. निष्पन्न काही झाले नाही. पतीविषयी संशय बोलून दाखविणारे लेखक आहेत. पण संशय आणि पुरावा यांतील अंतर इतिहासलेखकाने ओलांडू नये. १९४८ साली न्यू हॅम्पशायरमधील होल्डरनेसच्या रानात एका स्त्रीचे अवशेष सापडले होते आणि त्यांची ओळख तेव्हा दुसऱ्याच स्त्रीशी पटविण्यात आली होती. ते बार्बराचे असावेत, असे अनुमान डॅनियल मिल्स यांनी २०१९ साली मांडले आहे. ते विचारार्ह आहे, परंतु सिद्ध झालेले नाही.

आता या चरित्राच्या वाचनांकडे वळू. मे १९४१च्या ‘अ‍ॅटलांटिक मंथली’त ‘टु अ डॉटर, वन इअर लॉस्ट’ या शीर्षकाचे एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. ते विल्सन फॉलेट यांचे होते. मुलीला गाठण्यासाठी बापाने मासिकाचा आश्रय घ्यावा आणि त्यावर स्वतःचे नाव घालू नये, हे दोन्ही बोलके आहे. ज्याने एके काळी तिच्या नावाची ग्वाही दिली होती, त्याने आता तिचे नावच घेतले नाही.

१९६६ साली मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅकर्डी यांनी हेलन यांच्या सहकार्याने ‘बार्बरा : द अनकॉन्शस ऑटोबायॉग्रफी ऑफ अ चाइल्ड जीनियस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिची पत्रे प्रथम लोकांपुढे आली ती या ग्रंथामुळे, आणि हे ऋण मोठे आहे. परंतु शीर्षकातील ‘अनकॉन्शस’, म्हणजे ‘नेणिवेतील’, या शब्दाशी माझा वाद आहे. मॅकर्डी यांनी १९५७ साली प्रतिभावंतांच्या बालपणावर एक निबंध लिहून तीन गोष्टी समान असल्याचे सांगितले होते : आईवडिलांचे विपुल लक्ष, समवयस्कांपासून अलगता आणि कल्पनासृष्टीचा विस्तार. बार्बरा या साच्यात जणू मापून घेतल्यासारखी बसते. मग तिची कादंबरी तिच्या आयुष्याचे नेणिवेने लिहिलेले भाकीत ठरते : ईपरसिप अदृश्य झाली, लेखिकाही झाली. वाचकाला हे जुळणी फार मोहविते. पण तीन वर्षे घासूनपुसून लिहिलेल्या पुस्तकाला नेणिवेचे लेखन म्हणणे म्हणजे त्या तीन वर्षांवर पाणी सोडणे आहे. शिवाय, शेवट ठाऊक असलेला चरित्रकार सुरुवातीत नेहमीच शकुन पाहतो. बार्बरा पंचविसाव्या वर्षी नाहीशी झाली नसती, तर याच कादंबरीत कोणाला कसलेही भाकीत दिसले नसते. (योगायोग असा, की याच १९६६ साली, विल्सन फॉलेट यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, त्यांचा ‘मॉडर्न अमेरिकन युसेज’ हा भाषाप्रयोगकोश जॅक बार्झून आदींनी पूर्ण करून प्रसिद्ध केला. घर मोडलेल्या या दांपत्याची अखेरची पुस्तके एकाच वर्षी ग्रंथालयांत दाखल झाली; एक शब्दांविषयी, एक मुलीविषयी.)

त्यानंतरच्या पिढीने तिला रहस्यकथेत नेले. पॉल कॉलिन्स यांच्या लेखाने या विषयाकडे पुन्हा लक्ष वेधले, पुष्कळांनी त्यावर लिहिले, आणि जवळजवळ सर्वांनी ७ डिसेंबर १९३९ पासून मागे वाचीत जाण्याची रीत स्वीकारली. या सर्वांहून मोलाचे काम केले ते तिच्या सावत्र बहिणीच्या शाखेतील नातलग स्टीफन कुक यांनी. कोलंबिया विद्यापीठात जतन केलेल्या तिच्या कागदपत्रांच्या आधारे त्यांनी तिची पत्रे २०१५ साली ग्रंथरूपाने दिली आणि पुढे ‘लॉस्ट आयलंड’ही वाचकांच्या हाती दिली.

‘लॉस्ट आयलंड’ची नायिका जेन न्यूयॉर्कच्या गर्दीला कंटाळून शिडाच्या जहाजावर चढते. जहाज फुटते आणि एका खलाशासह ती निर्जन बेटावर लागते. तिथे त्यांचे बरे चाललेले असते. एके दिवशी एक जहाज येते, त्यांची ‘सुटका’ करते आणि दोघांना शहरात परत आणून सोडते. ईपरसिपला कोणी पकडू शकले नव्हते. जेनला पकडायचीही गरज पडत नाही, तिला वाचविले जाते. शहरात परतल्यावर नोकरी आहे, भाडे आहे, पावसात भिजलेले रस्ते आहेत. या कादंबरीत कोणीही वनदेवता होत नाही.